सहा चव, पाच दोकडे

१७६१ च्या जानेवारीत पानिपतावर काय झाले याची पहिली खबर पेशव्यांना एका सावकारी पत्रातून मिळाली, ही हकिकत आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. पत्रात माणसांची नावे नव्हती. मोती गळाल्याचे, मोहरा हरवल्याचे आणि रुपये-खुर्द्याची गणती नसल्याचे तेवढे लिहिले होते. दोन मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ, हे वाचणाऱ्याला कोणी समजावून सांगावे लागले नाही. मी पेशाने हिशेबनीस. तीस वर्षे एका सहकारी साखर कारखान्याच्या जमाखर्चात गेली. म्हणूनच की काय, त्या पत्राकडे मी बाजारभावाचा कागद म्हणूनही पाहतो. लिहिणाऱ्याच्या मनात पायऱ्या पक्क्या होत्या. सगळ्यांत वर मोती, मग सोन्याची मोहर, तिच्या खाली रुपया आणि तळाला खुर्दा.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गावातल्या एका सराफी पेढीवर या पायऱ्या बरोबर उलट्या झालेल्या पाहिल्या. आत्याची नथ काट्यावर ठेवली गेली. वजन निघाले. मग पेढीवरच्या तरुणाने त्यातून काही वजन कापले, उरलेल्याला त्या दिवसाच्या सोन्याच्या भावाने गुणले आणि आकडा माझ्यापुढे सरकवला. कापले ते काय, असे विचारल्यावर म्हणाला, "मोत्यांची वजावट, काका. हल्ली मोत्याला कोण विचारतं? हवे तर दाणे परत न्या." सोन्यातला कचरा, लाख, मळ जसा वजा होतो तसे मोती वजा झाले होते. ज्या दागिन्याला आमच्या घरात तीन पिढ्या 'मोत्यांची नथ' म्हणत आल्या, त्यातल्या मोत्यांची किंमत शून्यही नव्हती. ती शून्याच्या खाली होती.

नथ मोडायला काढण्याचे कारण वाटणीचे. आत्याला मूलबाळ नव्हते. ही नथ तिला माहेरहून, म्हणजे माझ्या आजीकडून मिळालेली. "ती माझ्या दोन्ही भाच्यांची," असे ती अनेकदा बोलून दाखवायची. या दोन भाच्या म्हणजे माझी धाकटी बहीण आणि बेळगावला दिलेली चुलत बहीण. नथीत एक टपोरा दाणा आणि सहा लहान. बहिणीने सरळ तोडगा काढला: सोने निम्मे निम्मे, मोठा मोती मी घेते, सहा लहान तू घे, वजन जवळपास सारखेच भरेल. चुलत बहीण भिडस्त, ती हो म्हणण्याच्या बेतात होती. पण जाता जाता तिने मला फोन केला, "दादा, तू जुने कागद वाचतोस ना, एकदा बघ." सख्ख्या बहिणीचा फायदा-तोटा गुंतलेला असल्याने हे बघणे मला चारचौघांना दाखवता येईल असेच करायला हवे होते.

आमच्या घरी पणजोबांच्या वेळचे एक दप्तर आहे. दोन रुमालांत बांधलेले, बहुतेक शेतसाऱ्याच्या पावत्या आणि देण्याघेण्याच्या याद्या. मोडी मी चाळिशीनंतर, रविवारच्या वर्गात शिकलो, तेव्हापासून हे रुमाल सावकाश वाचत आहे. त्यातच शके १८३४ सालची, म्हणजे इसवी १९१२-१३ ची, तळहाताएवढी एक चिठ्ठी मिळाली. वर 'नथ', खाली दोन ओळी. पहिलीत दाणा १, रती ३।, चव ६, दोकडे ५. दुसरीत दाणे ६, रती ३॥।, चव १, दोकडे ३४. रुपयांचा आकडा कुठेच नाही.

रती सव्वातीन आणि पावणेचार, हे जुन्या मराठी हिशेबाची सवय असणाऱ्याला लगेच कळते. अडते ते 'चव' या शब्दापाशी. चुलत बहिणीला वाटले, पूर्वी मोती चाखून बघत असतील. ही समजूत अगदीच निराधार नाही. मोती दातांवर हलकेच घासून बघायची रीत खरोखरच आहे. खरा मोती किंचित खरखरीत लागतो, काचेचा गुळगुळीत. पण त्या परीक्षेने फक्त काच ओळखता येते. शिंपल्यात आपोआप झालेला मोती आणि माणसाने शिंपल्याकडून करवून घेतलेला मोती दाताला सारखेच लागतात. चिठ्ठीतला चव मात्र जिभेचा नव्हे. मुंबईच्या मोतीबाजारातले ते माप आहे.

हे माप समजून घ्यायला मला काही महिने लागले, आणि त्यात ज्या पुस्तकाचा सर्वांत उपयोग झाला ते मोत्यांचे पुस्तक नव्हेच. ब्रिटिश हिंदुस्थान सरकारने इराणी आखातावर जे. जी. लॉरिमर या अधिकाऱ्याकडून एक प्रचंड गॅझेटियर करवून घेतले होते. विसाव्या शतकाच्या आरंभीचे हे काम बरीच दशके गुप्त दप्तरात होते. त्यात मोत्यांच्या धंद्यावर स्वतंत्र पुरवणी आहे. आखातातल्या बोटीपासून मुंबईच्या पेढीपर्यंतची वजनेमापे तिथे आढळतात. चवाचा हिशेब असा: चोवीस रतींचा एक टांक. दाण्यांचे वजन टांकांत घ्यायचे, त्याचा वर्ग करायचा, त्याला ३३० ने गुणायचे आणि दाण्यांच्या संख्येने भागायचे. रतीतून थेट करायचे तर वर्गाला ५५ ने गुणून ९६ ने भागायचे. येईल तो चव. एका चवाचे शंभर दोकडे, एका दोकड्याचे सोळा बदाम. दोकडा हे काठेवाड-कच्छकडच्या तांब्याच्या नाण्याचेही नाव. बाजार कोणाच्या बोलीत चालत होता ते त्यावरूनही कळते.

आता चिठ्ठी पडताळू. सव्वातीनचा वर्ग साडेदहाच्या किंचित वर, १०.५६. त्याला ५५ ने गुणून ९६ ने भागले की ६.०५ येतात. सहा चव, पाच दोकडे. दुसरी ओळ: पावणेचारचा वर्ग १४.०६, तोच गुणाकार-भागाकार केल्यावर ८.०५ च्या आसपास, आणि दाणे सहा म्हणून पुन्हा सहाने भागायचे. उत्तर १.३४. एक चव, चौतीस दोकडे. शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी मान खाली घालून केलेला हिशेब कागदावर जसाच्या तसा बरोबर आला, तेव्हा एका हिशेबनिसाला जो आनंद व्हायचा तो झाला. तो इथे फुलवून सांगत नाही.

वजनात सहा लहान दाणे मोठ्यापेक्षा जास्तच होते. चवात ते त्याच्या चौथाईलाही पुरत नव्हते.

चवाला वजन म्हणता येत नाही आणि किंमतही म्हणता येत नाही. दोन्हींच्या मधली ती पायरी आहे. सोने दुप्पट झाले की किंमत दुप्पट होते, कारण दोन लहान लगडी वितळवून एक मोठी करता येते. मोती वितळत नाही, जोडला जात नाही. दोन रतींचे दोन दाणे असणे आणि चार रतींचा एकच दाणा असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. चार रतींचा दाणा नऊ चव भरतो, तर दोन रतींच्या दोन दाण्यांचे मिळून साडेचारच. मोठा दाणा किती दुर्मीळ, ते वजनाच्या वर्गातून हिशेबात येते. मग पाणी, गोलाई, झाक, डाग बघून त्या मालाचा 'चवाला अमुक रुपये' असा भाव ठरतो. गणित सगळ्यांना सारखे, डोळा ज्याचा त्याचा. म्हणूनच आमच्या चिठ्ठीत रुपये नसावेत. चव न बदलणारा, म्हणून तो लिहून ठेवला. भाव त्या दिवसापुरता, तो लिहून काय उपयोग?

ही कल्पना मुंबईत जन्मली असे मात्र नाही. सिंहलद्वीप आणि तुतिकोरीनकडच्या मोतीव्यापारात याच जातीचे 'चेव्वू' नावाचे माप होते. आणखी मागे गेलो तर सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त मोत्यांवर एक अध्याय आहे. त्यात उत्तम तेजाच्या मोत्यांचे दरपत्रकच दिले आहे. चार माषक वजनाच्या एका दाण्याला ५३०० कार्षापण. साडेतीनला ३२००, तीनला २०००, अडीचला १३००, दोनला ८००. दीड माषकाला ३५३ आणि एकाला १३५. दोनवरून चारवर वजन दुप्पट होते, किंमत साडेसहा पटींहून जास्त. चवाच्या वर्गापेक्षाही ही चढण उभी आहे. संस्कृत ग्रंथांतली रत्नपरीक्षा म्हणजे ग्रहशांती आणि शुभाशुभ, असा आपला समज असतो, आणि तेही त्यात आहेच. पण हे आकडे ज्याने जमवले तो बाजारात बसलेला माणूस होता. कौटिल्याने चांगल्या मोत्याच्या लक्षणांत गोल, मोठा, जड, तेजस्वी या गुणांबरोबर योग्य जागी छिद्र पाडलेला हाही गुण मोजला आहे. चुकीच्या जागी भोक पडलेला मोती काय भावाने जातो, हे ठेच लागल्याशिवाय कोणी लिहीत नाही.

आमच्याकडे मोत्याला 'बसरा' म्हणायची चाल आहे. नथ, तन्मणी, कुड्या, पुरुषांची भिकबाळी, कुठलाही जुना दागिना दाखवताना आजीचा आवाज 'बसऱ्याचे आहेत हो' म्हणताना बदलायचा. बसरा हे शट्ट-अल-अरबच्या काठचे बंदर. मोत्यांचे शिंपले मात्र तिथे नाहीत, ते बहरीन, कतार, कुवेत आणि आजच्या अमिरातींच्या किनाऱ्यापुढच्या उथळ समुद्रात. माल ज्या बंदरातून आला त्याचे नाव मालाला चिकटले. तो माल मुंबईला येई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आखातातल्या मोत्यांची सर्वांत मोठी बाजारपेठ मुंबई होती, आणि आखातात चलन म्हणून चालत होता तो आपला रुपया. स्वातंत्र्यानंतरही हे इतके चालू राहिले की १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेला आखातासाठी वेगळा रुपया छापावा लागला.

बुडी मारणाऱ्यांचे जग त्या मुंबईपासून फार लांबचे. उन्हाळ्याच्या चार महिन्यांत बोटी समुद्रात राहत. बुड्या मारणारा पायाशी दगड बांधलेल्या दोरावरून तळाशी जाई, गळ्यात टोपली, नाकाला शिंगाचा किंवा कासवाच्या पाठीचा चिमटा. वर दोर धरून बसलेला जोडीदार त्याला ओढून घेई. तिकडे नाकाला चिमटा आणि इकडे नाकात नथ, हे एकदा लक्षात आल्यापासून आत्याचा लग्नातला फोटो मला पूर्वीसारखा बघता येत नाही. हंगामाआधी नाखवा उचल देई, हंगामानंतर हिशेबात ती फिटत नसे, आणि बापाचे कर्ज मुलाच्या नावावर चढे. मोत्यांचा वारसा मुंबईकडच्या घरांत पेटीत यायचा, त्या किनाऱ्यावर तो वहीत यायचा.

मुंबईत शेख मेमन स्ट्रीटवर हा माल उतरे. आधी पितळी चाळण्यांतून आकाराप्रमाणे वेगळा केला जाई, मग झाक आणि गोलाई बघून. कमानीच्या सामत्याने भोके पाडणारे कारागीर होते. दाणा ओला ठेवून दोन्ही बाजूंनी भोक पाडत आणते, ती भोके मधोमध भेटली पाहिजेत. एकसारख्या लडी रेशमाने आणि चांदीच्या तारेने बांधून जुडगे केले जात, ते 'मुंबईचे जुडगे' म्हणून पॅरिस-लंडनपर्यंत ओळखीचे होते. अगदीच बारीक चुरा वैद्यांकडे मोतीभस्मासाठी जाई. सौदा तोंडाने होत नसे. रुमालाखाली दोघांचे हात, बोटांच्या दाबाने आकडा. भोवती दहा जण बसलेले असले तरी भाव दोघांनाच ठाऊक. आमच्या चिठ्ठीत रुपये नसण्याचे हेही एक कारण मानता येईल.

या बाजाराने मोठी माणसे पाहिली. सुरतेकडून आलेल्या घराण्यातले सेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी (१८५१-१९१४) मोत्यांत मिळवून धर्मशाळांत आणि विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांत घालत राहिले. मुंबईची हिराबाग त्यांचीच. १८९१ मध्ये विलायतेहून परतलेल्या गांधीजींना मुंबईत भेटलेले रायचंदभाई, म्हणजे श्रीमद् राजचंद्र, हिऱ्यामोत्यांचे पारखी होते, हे गांधीजींनी आत्मचरित्रात नोंदवले आहे. जेद्दाच्या मोहम्मद अली झैनल अलीरझा यांचा मोत्यांचा व्यापार मुंबईतही होता, आणि त्या पैशावर जेद्दा आणि मक्केत 'फलाह' शाळा उभ्या राहिल्या. १९११-१२ च्या सुमारास पॅरिसचा झाक कार्टिए मोत्यांच्या शोधात हिंदुस्थान आणि आखात फिरून गेला. आमची चिठ्ठी लिहिली गेली ती याच दिवसांत. मोती त्यानंतर काही वर्षे आणखी चढले. १९१७ मध्ये न्यूयॉर्कला कार्टिएने १२८ दाण्यांचा दुपदरी कंठा आणि वर शंभर डॉलर देऊन फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरचा एक आख्खा वाडा घेतला. कंठ्याची किंमत दहा लाख डॉलर धरली होती. पेढी आजही त्या वाड्यात आहे.

तोच कंठा मालकीणबाईंच्या पश्चात १९५७ मध्ये लिलावात निघाला तेव्हा दीड लाख डॉलरच्या आसपास गेला. मधल्या चाळीस वर्षांत डॉलर स्वतःही स्वस्त झाला होता, म्हणजे घसरण दिसते त्याहून खोल. मोत्यांत काहीही बिघाड नव्हता. बिघडले होते ते दुसरेच.

जपानच्या मिकिमोतो कोकिची यांनी १८९३ मध्ये शिंपल्यात बाहेरून बीज घालून अर्धगोल मोती तयार केला. पुढच्या दोन दशकांत पूर्ण गोल मोतीही जमू लागला. शिंपल्यात कवचाचा कोरीव मणी आणि दुसऱ्या शिंपल्याच्या पेशीचा तुकडा ठेवायचा, मग तो जीव त्या मण्यावर आपले लेप चढवतो. लेप खरेच असतात, चमक खरी असते. १९२१ मध्ये लंडनच्या वर्तमानपत्रांनी बोंब केली की असे जपानी मोती जव्हेऱ्यांच्या दुकानांत कोणाच्याही लक्षात न येता शिरले आहेत, आणि बाजार हादरला. 'नकली' मोत्याची भीती जुनीच होती, पण ती काचेची भीती होती. इथे पिढ्यान् पिढ्या कमावलेल्या पारख्याच्या डोळ्याची पत गेली. ज्याला स्वतःलाच फरक दिसत नाही तो गिऱ्हाइकाला काय छातीठोक सांगणार? त्यावर १९२९ ची जागतिक मंदी आली. पॅरिसचे गिऱ्हाईक आटले, तसा मुंबईत माल पडून राहू लागला आणि आखातात बोटी वाळूवर चढल्या. १९३२ मध्ये बहरीनला तेल लागले. बुड्या मारणाऱ्यांची पोरे तेलाच्या कंपन्यांत लागली.

आमच्या घरच्या कागदांतही हा पडलेला भाव दिसतो. १९४० च्या दशकातली दागिन्यांची एक याद आहे. तिच्यात याच नथीपुढे फक्त सोन्याचे तोळे-मासे. चव नाहीत, रतीही नाहीत. मला पेढीवर जे ऐकावे लागले ते त्या तरुणाने शोधून काढले नव्हते. त्याच्या आजोबांच्या वेळेपासून चालत आलेला तो रिवाज आहे, आणि त्या काळात तो व्यवहाराला धरूनच होता.

डोळ्याची जागा मग यंत्राने घेतली. मोती तपासण्यासाठीच लंडनच्या व्यापाऱ्यांनी १९२५ मध्ये प्रयोगशाळा काढली. पॅरिसमध्ये १९२६ च्या सुमारास एक पोकळ सुई निघाली. ती मोत्याच्या भोकात घालायची, आत दोन इवले आरसे आणि झगझगीत उजेड. नैसर्गिक मोत्यात पुटे कांद्यासारखी, एकाभोवती एक. उजेड त्या पुटातून गोल फिरून दुसऱ्या आरशावर परत येतो. आत मणी असेल तर त्याचे थर सरळ असतात, उजेड भलतीकडे निघून जातो. विंधलेल्या मोत्यापुरतीच ही युक्ती, आणि दाण्यामागून दाणा बघत बसायचे. पुढे क्ष-किरणांनी काम सोपे केले. पुटांच्या मध्ये जो सेंद्रिय पदार्थ असतो तो क्ष-किरणांच्या चित्रात काळसर वर्तुळांसारखा उमटतो, झाडाच्या खोडातल्या वलयांसारखा. मण्यावरचा मोती असेल तर मण्याची कड दिसते. आता मणी न घालताच गोड्या पाण्यात आणि समुद्रातही मोती पिकवतात. त्यांच्या पोटात जरा वेडीवाकडी पोकळी सोडली तर काहीच नसते, म्हणून मोत्याचे काप न करता थरामागून थर दाखवणारे सूक्ष्म सीटी स्कॅन वापरावे लागते.

हा कागद हाती आल्यापासून नैसर्गिक मोत्याचा भाव पुन्हा उठला, आणि उठवणारे बरेचसे गिऱ्हाईक आखातातलेच आहे. बहरीनमध्ये कल्चर्ड मोत्यांच्या व्यापाराला आजही बंदी आहे. बडोद्याच्या मोत्यांची कथा या दृष्टीने बघण्यासारखी आहे. खंडेराव गायकवाडांनी १८६५ च्या सुमारास मदिनेला अर्पण करण्यासाठी म्हणून आखाती बारीक मोत्यांचा एक गालिचा करवला, असे सांगतात. तो तिकडे गेलाच नाही. पुढे महाराणी सीतादेवींबरोबर मोनॅकोला गेला, आणि २००९ मध्ये दोह्यात लिलाव होऊन सुमारे पंचावन्न लाख डॉलरला विकला गेला. बडोद्याच्याच सातपदरी कंठ्यातल्या निवडक ६८ दाण्यांचा दुपदरी कंठा त्याआधी, २००७ मध्ये, न्यूयॉर्कला सत्तर लाख डॉलरच्या वर गेला होता. कतारच्या किनाऱ्यापुढच्या समुद्रातून निघालेले दाणे मुंबई, बडोदे, मोनॅको करून कतारला परत आले, ते मराठी सरदाराच्या हिशेबात कोणत्या भावाने चढले होते हे बघायला मला फार आवडेल.

आमच्या सात दाण्यांकडे वळतो. नथ आम्ही मुंबईच्या एका प्रयोगशाळेत दिली. गावातल्या पटवेकऱ्याने तार सोडून दाणे मोकळे करून दिले, त्यामुळे वजनही नीट करता आले. टपोरा दाणा खाऱ्या पाण्यातला, नैसर्गिक, ३.०२ कॅरेट. हल्लीच्या व्यापारात कॅरेटच्या वर्गाला साधारण ०.६५ ने गुणून चव काढतात. त्याप्रमाणे पाच चव, त्र्याण्णव दोकडे. चिठ्ठीपेक्षा बारा दोकडे कमी. कॅरेट-रतीच्या फरकाचा थोडा वाटा, बाकीचा घामाचा असावा. मोती म्हणजे बहुतांशी चुना, आणि चुन्याला आम्ल सोसत नाही. तीन बायकांच्या नाकातोंडाशी सणासुदीला, हळदीकुंकवाला लागून लागून इतके झिजणे जास्त वाटत नाही. क्ष-चित्रात भोक दोन्ही बाजूंनी येऊन मधोमध मिळालेले दिसते, जोड अगदी किंचित हललेला.

सहा लहानांपैकी चार नैसर्गिक निघाले. दोघांच्या पोटात मणी. कधीतरी, बहुधा नथ गाठवायला दिली असताना, दोन दाणे फुटले किंवा हरवले असतील आणि त्या जागी बाजारात मिळाले ते बसवले गेले. कोणी फसवले असे मला वाटत नाही. त्या काळी दोन्हींच्या भावात फसवण्याइतके अंतरच राहिले नव्हते.

भावाबद्दल विचारपूस केली तर तीन ठिकाणी तीन आकडे सांगितले गेले आणि सर्वांत मोठा सर्वांत लहानाच्या तिप्पट होता. आकडे इथे देत नाही, कारण नथ आता ज्या घरात आहे तिथे दुपारी म्हातारी माणसे एकटी असतात. इतके सांगतो की सर्वांत कमी आकडासुद्धा नथीतल्या सगळ्या सोन्याच्या कैक पट होता. तिन्ही ठिकाणी पहिला प्रश्न एकच, रिपोर्ट आहे का? दाण्याकडे बघणे त्यानंतर.

वाटणी चवावर झाली. मोठ्याचे ५.९३, चार लहानांचे जेमतेम ०.९०, मिळून पावणेसातच्या थोडे वर, त्याचे दोन भाग. मी आकडे बहिणीला फोनवर वाचून दाखवले. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "म्हणजे मी तिचं सहाला एक असं लुबाडत होते की." तिला हे माहीत असण्याचे कारण नव्हते, तसे मी म्हणालो. चुलत बहिणीच्या मुलीचे लग्न फाल्गुनात होते. नथ तिने अखंड ठेवून घेतली, आणि मधला आकडा धरून त्याच्या निम्म्यापोटी आत्याच्या पाटल्यांतला आपला वाटा आणि वर काही रोख माझ्या बहिणीला दिली.

पटवेकऱ्याने नथ गाठवताना विचारले, ते दोन कल्चर्ड परत घालायचे की त्यांच्या जागी दुसरे बघू? चुलत बहीण म्हणाली, तेच घाला, आत्याच्या फोटोत तेच आहेत. नथीबरोबर ठेवायला मी एक नवी चिठ्ठी करून दिली. वर तारीख, खाली तीन ओळी: दाणा १, कॅरेट ३.०२, चव ५, दोकडे ९३. दाणे ४, नैसर्गिक, दोकडे ९०. दाणे २, आत मणी, चव धरू नये. रुपयांची जागा जुन्या चिठ्ठीप्रमाणेच कोरी ठेवली आहे.